जुन्या गाडीला नवे बूट!

रुंद टायर, चकाचक अलॉय आणि वयात आलेली नव्हे, वय झालेली गाडी... कॉम्बिनेशन झकास दिसतं. पण दिसण्याच्या पलीकडे काय? नगर रोडवरून रोज सणसवाडी गाठणाऱ्यांसाठी (आणि इतर सगळ्यांसाठीही) टायर-रिमचा हा सरळसोट हिशेब.

सोमवारी सकाळी वाघोलीचा जॅम कसाबसा पार करून गाड्या नगर रोडला लागतात. लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी. कंपनीच्या बसेस, खडीचे डंपर, कंटेनर आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या आपल्यासारख्यांच्या गाड्या. त्यात नव्याकोऱ्या एसयूव्ही असतात, तशाच बाबांनी घेतलेल्या आणि आता आपल्या वाट्याला आलेल्या जुन्या स्विफ्ट, सँट्रो, झेन, पालिओही असतात. इंजिन ठणठणीत आहे, कर्ज कधीच फिटलंय, बसल्यावर घरच्यासारखं वाटतं. मग नव्या गाडीचा ईएमआय कशाला डोक्यावर घ्यायचा? त्यापेक्षा हिलाच थोडं नटवू या की!

आणि नटवायचं म्हटलं की पहिली नजर जाते चाकांवर. बारीक टायर, प्लॅस्टिकचे व्हील कॅप, त्यातलाही एखादा कुठल्यातरी खड्ड्यात गळून पडलेला. त्या जागी पंधरा इंची अलॉय आणि रुंद टायर आले की गाडी एकदम पाय रोवून उभी राहिल्यासारखी दिसते. खोटं कशाला बोला, जाम भारी दिसते!

गंमत पुढेच आहे. सणसवाडी आणि पुढची रांजणगाव एमआयडीसी म्हणजे गाड्या आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणारा पट्टा. इथल्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये एखादा पार्ट दोन-चार मायक्रॉननी चुकला तरी तो लाल डब्यात जातो. आणि तोच पार्ट रिजेक्ट करणारा इंजिनिअर शिफ्ट संपल्यावर स्वतःच्या गाडीसाठी टायरवाल्याच्या दुकानात उभा राहतो, तेव्हा संवाद असा होतो :

‘‘बसेल का हो?’’

‘‘दादा, आरामात बसतंय. टेन्शन नका घेऊ.’’

‘‘मग टाका!’’

बस. एवढीच तपासणी. खरं तर ‘बसतंय’ आणि ‘बरोबर बसतंय’ यांत जो फरक आहे ना, तोच या लेखाचा विषय. बूट घेताना आपण साइज बघतो, चालून बघतो, टाच चावते का बघतो. गाडीच्या बुटांना एवढी तरी तपासणी हवीच.

आकडे बोलतात!

टायरच्या कडेला लिहिलेलं ते कोडं आधी सोडवू. समजा, १६५/८० आर १४. यातला १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची, रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि व्यास इंचात! अशी खिचडी कुणी शिजवली कोण जाणे, पण जगभर हीच चालते.

ही साइज मुद्दाम घेतली. भारतात २००५ मध्ये आलेल्या पहिल्या स्विफ्टच्या एलएक्सआय आणि व्हीएक्सआयला कंपनीतून हेच टायर यायचे. वरच्या झेडएक्सआयला मात्र १८५/७० आर १४. आता वही-पेन घ्या (बरं, मोबाइलचा कॅल्क्युलेटर घ्या).

१६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी. वर आणि खाली मिळून २६४. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिमी. बेरीज ६१९.६ मिमी. हा झाला चाकाचा एकूण व्यास. याच पद्धतीनं १८५/७० आर १४ चा व्यास येतो ६१४.६. म्हणजे टायर २० मिमी रुंद झाला, पण उंचीत फरक पडला जेमतेम ०.८ टक्के. पंधरा इंची रिमवर १९५/६० घेतला तर ६१५ मिमी, तोही जवळपास तेवढाच. आणि ‘भारी दिसतोय’ म्हणून २०५/६५ आर १५ उचलला तर? ६४७.५ मिमी. तब्बल साडेचार टक्के जास्त!

‘मग काय झालं?’ असं वाटेल. झालं असं, की स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, रस्ता नाही. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते. काटा ८० दाखवत असताना तुम्ही प्रत्यक्षात ८३-८४ नं पळत असता. शिवाय मोठं चाक म्हणजे गिअर लांब झाल्यासारखं. चढावर गाडी कुंथते, पिकअप मंदावतो. चाकाचा व्यास मूळ व्यासाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा हा टायरच्या धंद्यातला जुना नियम, आणि जितका जवळ तितकं उत्तम. म्हणूनच रिम मोठी झाली की साइडवॉल कमी करावी लागते. रुंदी वाढवा, पण उंची राखा... हा पहिला फंडा.

दुसरा आकडा टायरवर साइजच्या शेजारीच असतो, पण त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. लोड इंडेक्स. ८५ लिहिलं असेल तर तो टायर ५१५ किलो पेलू शकतो, ८८ असेल तर ५६० किलो. नव्या टायरचा हा आकडा जुन्याइतका किंवा त्याहून जास्तच हवा. गणपतीला पाच जण आणि डिकीभर सामान घेऊन गावी निघालात की या आकड्याची किंमत कळते.

दोन मिलिमीटरची भानगड

आता रिमकडे वळू. रिम गाडीला कुठे बसते? हबवर. आणि तिथे तीन मापं असतात. एक, पीसीडी, म्हणजे नट-बोल्टच्या छिद्रांतून जाणाऱ्या काल्पनिक वर्तुळाचा व्यास. दोन, सेंटर बोअर, म्हणजे रिमच्या मधलं भोक. आणि तीन, ऑफसेट, म्हणजे रिम हबवर किती आत किंवा बाहेर बसते ते.

पीसीडीची गंमत समजून घ्यायला सणसवाडीहून थोडं पुढे, रांजणगावला जाऊ. तिथे फियाट आणि टाटांचा भागीदारीतला कारखाना आहे. २००९ मध्ये आलेल्या लिनिया आणि पुंटो इथेच बनल्या. त्याआधी, २००१ मध्ये फियाटनं भारतात आणली ती पालिओ. सचिन तेंडुलकर ज्या गाडीचा चेहरा होता, तीच! दणकट बांधा, हायवेवर रेल्वेसारखी चालणारी गाडी. फियाटनं आता भारतात गाड्या विकणं थांबवलंय, पण पालिओवाले आपल्या गाडीला सोडायला तयार नाहीत.

पालिओच्या चाकाला चार बोल्ट आणि पीसीडी ९८ मिमी. स्विफ्टच्या चाकालाही चार छिद्रं, पण पीसीडी १०० मिमी. फरक किती? फक्त दोन मिमी. डोळ्यांना दिसणारही नाही. आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चार छिद्री रिम्स १०० च्या! त्या पालिओवर धरल्या की बोल्ट आत जातात, आवळतातही. ‘बसलं की!’ पण बोल्टचं निमुळतं तोंड रिमच्या खाचेत सगळ्या बाजूंनी टेकत नाही, एकाच कडेवर दाब देतं. चाक हबच्या मधोमध राहत नाही. धावताना बोल्ट हळूहळू ढिले होतात, किंवा वाकून वाकून थकतात. चाक निखळण्याच्या गोष्टी अशाच सुरू होतात. ऑफिसमध्ये दोन मिमी चुकलेला पार्ट तुम्ही पास केला असता का? मग इथे का?

सेंटर बोअरचंही तसंच. बाहेरच्या कंपन्यांच्या रिम्सना मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना चालावी. मधली पोकळी भरायला हब रिंग नावाची साधीशी कडी मिळते. ती टाकली नाही तर रिम फक्त बोल्टच्या भरवशावर मध्यभागी राहते. मग ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि आपण चार वेळा बॅलन्सिंग करून वैतागतो.

आणि ऑफसेट? समजा, टायर १६५ वरून १९५ केला. ३० मिमी वाढले, म्हणजे आत १५ आणि बाहेर १५. त्यात रिमचा ऑफसेट मूळच्या ४५ ऐवजी ३५ असेल तर सगळं चाक आणखी १० मिमी बाहेर. आता बाहेरची कड पूर्वीपेक्षा २५ मिमी बाहेर आली. एकटे असताना काही कळत नाही. मागे तिघं बसले आणि स्पीडब्रेकरवरून गाडी दबली, की ‘खर्रऽऽ’! टायर फेंडरला घासला. हे रोज झालं तर टायरची कड सोलून निघते. शिवाय चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर आणि सस्पेन्शनवर उलटा ताण. स्पेसर लावून चाक बाहेर काढण्याची हौस तर जुन्या गाडीवर अजिबात नको.

रुंद म्हणजे जास्त ग्रिप?

हा सगळ्यांचा आवडता समज. अर्धा खरा, अर्धा नाही. टनभर वजनाच्या गाडीचं एक चाक साधारण अडीचशे किलो उचलतं. हवा ३२ पीएसआय असेल तर ढोबळ हिशेबानं टायरचा रस्त्याला टेकलेला भाग येतो ११० चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे पोस्टकार्डापेक्षाही थोडा कमी! अख्खी गाडी चार पोस्टकार्डांवर उभी असते.

रुंद टायर घेतला आणि हवा तेवढीच ठेवली तर हे पोस्टकार्ड फारसं मोठं होत नाही. ते फक्त आडवं होतं. कोरड्या रस्त्यावर वळताना याचा फायदा होतो, गाडी कमी झुकते, स्टिअरिंगला लगेच दाद देते. ही मजा खरी आहे. पण पावसाळ्यात तोच रुंद टायर पाणी कापण्याऐवजी त्यावर तरंगायला जास्त उतावीळ असतो. साचलेल्या पाण्यात ऐंशीनं शिरलात तर अरुंद टायर जिथे रस्ता धरून ठेवेल, तिथे रुंद टायर आधी सोडेल. आणि त्याची नक्षी झिजलेली असेल तर विचारूच नका. कायद्यानं कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी खोल असायला हवी. पावसाळ्यासाठी तर त्याच्या दुप्पट असली तरच निवांत राहा.

ग्रिप मुख्यतः येते ती रबराच्या जातीतून. त्यामुळे चांगल्या कंपनीचा ताजा १८५ हा शेल्फवर चार वर्षं पडून राहिलेल्या २०५ पेक्षा केव्हाही सरस. ताजेपणा कसा ओळखायचा? साइडवॉलवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘३२२४’ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. दुधाची पिशवी घेताना तारीख बघतो ना, तसंच!

बाकी किंमत मोजावी लागते ती वेगळीच. रुंद टायर जड असतो, ओढायला इंजिनाला जोर लागतो, मायलेज खाली येतं. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या गाडीत पार्किंग करताना दंड कमावून मिळतात, तो बोनस. आणि लो-प्रोफाइल टायरची पातळ साइडवॉल म्हणजे खड्ड्याचा धक्का थेट रिमला. खडी सांडलेल्या, डंपरनी उखडलेल्या रस्त्यावर साइडवॉल ही तुमची उशी असते. ती पातळ केलीत की एखाद्या खड्ड्यात रिम वाकते किंवा टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, सरळ बदलायचा. म्हणून नगर रोडवर रोज ये-जा करणाऱ्यानं सतरा इंचांची स्वप्नं बघू नयेत. एक पायरी वर चढा, दोन नको.

आधी आत बघा, मग बाहेर

आता खरा मुद्दा. पंधरा वर्षं चाललेल्या गाडीत सस्पेन्शनची रबरी बुशिंग्ज सुकलेली असतात, लोअर आर्मचे बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड सैल झालेले असतात, शॉकअप थकलेले असतात, बेअरिंग गुणगुणत असतं. बारीक टायरवर हे सगळं झाकलं जातं. रुंद टायर मात्र एकेक चुगली बाहेर काढतो. गाडी रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे धावते, ब्रेक मारला की एका बाजूला ओढते, टायर आतून झिजतो. आपण म्हणतो, ‘नवे टायर फालतू निघाले!’ बिचारे टायर.

म्हणून बजेटचे दोन भाग करा. पहिला भाग गाडीच्या खाली, दुसरा चाकांवर. बुशिंग्ज, शॉकअप, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल यांवर आधी खर्च करा. ते करून फोटो काढण्यासारखं काहीच दिसणार नाही, मान्य. पण वळणावर आणि ब्रेकखाली गाडी दहा वर्षांनी तरुण झालेली जाणवेल. त्यावर मूळ मॉडेलच्या टॉप व्हेरियंटच्या साइजचे टायर टाकले तर बहुतेकांना याहून जास्त काही लागतच नाही. त्या साइजसाठी गाडीच्या कंपनीनं सगळी गणितं आधीच करून ठेवलेली असतात, आणि ती फुकट मिळतात!

कायदा काय म्हणतो?

हा भाग बोअर आहे, पण टाळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यानं नोंदणीतले तपशील कंपनीनं मूळ ठरवलेल्या तपशिलांशी जुळेनासे होतील. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानंही मूळ रचना मोडणाऱ्या बदलांना नकार दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. टॉप व्हेरियंटची साइज आणि फेंडरच्या आत राहणारं चाक ही सगळ्यात सुरक्षित जागा. फेंडरबाहेर डोकावणारं चाक म्हणजे स्वतःहून दिलेलं आमंत्रण.

जुन्या गाडीवाल्यांना आणखी एक गाठ आहे. पंधरा वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि महाराष्ट्रात ग्रीन टॅक्सही भरावा लागतो. त्या तपासणीला जायचंय हे लक्षात ठेवूनच रिम निवडा. आणि काढलेली जुनी स्टीलची चाकं भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा.

विमा कंपनीला अलॉयबद्दल लेखी कळवा आणि पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून त्यांची नोंद करून घ्या. न कळवता लावलेल्या रिमवरून क्लेमच्या वेळी वाद झाला तर तेव्हा टायरवाले दादा येणार नाहीत.

आणि रिम घेताना ‘सेम टू सेम, अर्ध्या किमतीत’ या मोहात पडू नका. २०२० मध्ये केंद्र सरकारनं वाहनांच्या रिमसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, त्यामुळे आयएसआय खूण बघून घ्या. जपानी बनावटीच्या दर्जाची जेडब्ल्यूएल ही खूणही रिमवर कोरलेली असते. सेकंडहँड रिम घेत असाल तर बॅलन्सिंगच्या मशिनवर फिरवून बघा. वाकवून सरळ केलेली, वेल्डिंग मारून वर रंग दिलेली रिम उभ्या उभ्या चकाचकच दिसते!

दुकानातून निघण्याआधी...

● चाक हातानं बसवून बघा. हबवर सपाट टेकलं पाहिजे, बोल्ट बोटांनी सहज फिरले पाहिजेत.

● स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. आतल्या बाजूला शॉकअप आणि ब्रेकच्या पाइपपासून टायर मोकळा हवा.

● चार मित्रांना गाडीत बसवा, एका स्पीडब्रेकरवरून न्या. घासण्याचा आवाज आला तर तिथूनच परत फिरा.

● अलॉय आणि स्टील रिमचे बोल्ट किंवा नट वेगळे असू शकतात. स्टेपनी जुन्या स्टीलच्या रिमवर असेल तर तिचे जुने बोल्ट डिकीतच ठेवा. नाहीतर रात्री शिक्रापूरच्या पुढे पंक्चर झालं की स्टेपनी असून उपयोग शून्य.

● एअर गननं धडाधड आवळून घेऊ नका. शेवटचे वेढे टॉर्क पान्यानं, कंपनीनं सांगितलेल्या मापावर. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा.

● अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच दिवशी. हवा किती ठेवायची ते दारावरच्या स्टिकरपासून सुरू करा, अंदाजपंचे ४० भरू नका.

एवढं सगळं वाचून हिरमोड झाला असेल तर तसं करू नका राव! जुनी गाडी जपणं, तिच्यावर हौसेनं खर्च करणं ही छान गोष्ट आहे. ज्या गाडीत बसून आपण शाळेत गेलो, तिला घेऊन ऑफिसला जाण्यात एक वेगळाच रुबाब आहे. फक्त तिला बूट तिच्या मापाचेच घ्या. या शनिवारी टायरवाल्याकडे जाल तेव्हा खिशात व्हर्नियर असू द्या, आणि दादा ‘बसतंय’ म्हणाले, की हसून म्हणा, ‘‘थांबा, मोजून बघू!’’